चहावरच्या उंटअळ्या उलट्या लटकून मरतायत, विषाणू असेल का?

डुआर्सवाला: मी अकोल्याचा, सध्या उत्तर बंगालच्या डुआर्समधल्या एका चहाबागेत नोकरीला. एका सेक्शनमध्ये उंटअळीने (हायपोसिड्रा टलाका) पानांची चाळण केली. औषध मारलेलं नाही, तरी आज कित्येक अळ्या शेंड्याला मागच्या पायांवर उलट्या लोंबताना दिसल्या. एक चिमटीत धरली तर कातडी फाटून करडं पाणी बोटांवर आलं. हरभऱ्यावर घाटेअळीसाठी मारतो तोच एनपीव्ही (अळ्यांना मारणारा विषाणू) आणून मारू का? की याच अळ्या कुस्करून फवारू? शेजारी टी मॉस्किटोही (चहावरचा ढेकूण) आहे.

घाटेअळीग्रस्त, लातूर: भाऊ, लक्षणं तीच. आम्ही हरभऱ्यात ऊन उतरल्यावर मारतो, पाण्यात राणीपाल (कपडे उजळवायची पावडर, विषाणूला उन्हापासून वाचवते) टाकून. भर उन्हात मारला की विषाणू मरतो, पैसे मातीत.

कीटकवाली: लक्षणं एनपीव्हीचीच वाटतात, पण खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच. नागराकाट्याला चहा संशोधन केंद्र आहे, ताजे नमुने तिथे न्या.

हरभऱ्याची बाटली मात्र आणू नका. हे विषाणू यजमानाच्या बाबतीत फार हट्टी. चीनमध्ये चहावर एक्ट्रोपिस या उंटअळीच्या दोन जाती आहेत, डोळ्यांना सारख्याच. तिथला विषाणू एकीला चांगला मारतो, दुसरीवर कमी पडतो. जपानमध्ये कागोशिमाच्या मळ्यांत पानं गुंडाळणाऱ्या अळ्यांवर ग्रॅन्युलोव्हायरस (एनपीव्हीचा भाऊबंद) वापरला, तोही त्या-त्या अळीचा वेगळा.

विषाणूचे कण प्रथिनाच्या कवचात असतात. पानाबरोबर पोटात गेले की तिथल्या अल्कधर्मी रसात कवच विरघळतं आणि लागण होते. म्हणजे अळीने पान खाल्लंच पाहिजे. टी मॉस्किटो सोंड खुपसून रस पितो, त्याच्यावर उपयोग शून्य. लहान अळी लवकर मरते; मोठी मरेपर्यंत खातच राहते, मग मॅनेजरसाहेब म्हणणार औषध बोगस.

कुस्करलेला काढा तोडणीच्या पत्तीवर नको. सडक्या अळीत इतर जंतू असतात आणि ती पत्ती लोक पिणार आहेत. टी बोर्डाच्या पीक संरक्षण संहितेबाहेरचं (चहावर काय फवारायचं याची त्यांची यादी) काही फवारलंत तर वेगळीच डोकेदुखी.

डुआर्सवाला: आभारी आहे ताई. सावलीच्या झाडांच्या सालीत अंडी आहेत, तिथे अधिकृत एनपीव्ही मिळाला तर मारू का?

कीटकवाली: अंडं खात नाही हो! खरवडून नष्ट करा. उरलेल्यांतून काळ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या बारीक अळ्या झुडपांवर उतरल्या की मारा.