मोबाइल त्याचा, माहिती कंपनीची

कर्मचाऱ्यांनी स्वतःचेच लॅपटॉप-मोबाइल वापरले तर कंपनीचा खर्च वाचतो, हे म्हणणं मला अर्धवट वाटतं. आमच्या जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिलचे सौदे, वजनकाट्याच्या पावत्या, भरलेल्या गाडीचे फोटो, सगळं पोरांच्या स्वतःच्या व्हॉट्सॲपवर. पोरगं नोकरी सोडून पुण्याला गेलं की व्यापाऱ्यांचे नंबर नि भावही त्याच्यासोबत जातात. त्याला तरी दोष कसा द्यायचा? रिचार्जसुद्धा तोच मारतो! आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या सुरक्षेत हयगय झाली तर कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. अँड्रॉइडमध्ये ‘वर्क प्रोफाइल’ची सोय आहे. कामाची ॲप वेगळी राहतात, माणूस नोकरी सोडून गेला की कंपनी तेवढीच पुसते, घरच्या फोटोंना हात लागत नाही. ती लावून द्या, आणि रिचार्जचे पैसे पगारासोबत द्या.