सोन्याच्या नॅनोकणांचे लाल द्रावण बफर घालताच निळे का पडते?

परीक्षानळी:
नमस्कार. मी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि प्रकल्पासाठी टर्केविच यांच्या १९५१ सालच्या पद्धतीने, म्हणजे उकळत्या क्लोरोऑरिक आम्लात ट्रायसोडियम सिट्रेट घालून, सोन्याचे नॅनोकण तयार केले आहेत. द्रावण माणकासारखे लाल आहे, शोषणाचे शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास येते आणि महिनाभर बाटलीत ते जसेच्या तसे राहिले. या कणांवर प्रतिपिंड बसवायचे म्हणून त्यातील थोडे द्रावण फॉस्फेट बफर सलाइनमध्ये (सामू स्थिर राखणाऱ्या मिठाच्या पाण्यात) मिसळले, तर काही सेकंदांत ते जांभळे, मग निळसर झाले आणि सकाळी नळीच्या तळाशी काळपट साका बसलेला दिसला. अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवूनही लाल रंग परत आला नाही. सोन्यासारख्या निष्क्रिय धातूवर साध्या मिठाचा असा परिणाम कसा होतो? आकार चुकला असेल, तर कण पुन्हा तयार करू का?

द्विस्तर:
कण पुन्हा तयार करण्याची गरज नाही. आकार बरोबर आहे आणि सोन्यावर मिठाची कोणतीही रासायनिक क्रिया झालेली नाही. जे बदलले ते कणाच्या पृष्ठभागालगतचे पाणी. सिट्रेट हे येथे दोन कामे करते: आधी सोन्याचे क्षपण करते, म्हणजे आम्लातील सोन्याच्या आयनांपासून धातुरूप सोने बनवते, आणि नंतर तयार झालेल्या कणावर चिकटून त्याला ऋण प्रभार देते. त्या प्रभाराभोवती विरुद्ध प्रभाराच्या आयनांचा विरळ ढग जमतो आणि दोन कण जवळ येऊ लागले की हे ढग एकमेकांना दूर लोटतात. आपल्या मूळ द्रावणात या ढगाची जाडी साधारण तीन-चार नॅनोमीटर असावी. बफर सलाइनमध्ये क्षारांचे प्रमाण सुमारे ०.१५ मोलर असल्याने तीच जाडी एका नॅनोमीटरच्याही खाली येते. मग कण इतके जवळ येऊ शकतात की व्हॅन डर वाल्स आकर्षण (कण अगदी जवळ आले की जाणवणारी ओढ) प्रतिकर्षणावर मात करते, आणि सोन्याच्या बाबतीत हे आकर्षण चांगलेच तीव्र असते.

रंगाचे कारणही याच जवळिकीत आहे. सुट्या कणातील इलेक्ट्रॉनांचे सामूहिक आंदोलन हिरवा प्रकाश शोषते, म्हणून द्रावण लाल दिसते. कणांमधील अंतर त्यांच्या व्यासापेक्षा कमी झाले की ही आंदोलने एकमेकांत गुंततात, शोषण ६०० नॅनोमीटरच्या पुढे सरकते आणि डोळ्याला निळा रंग दिसतो. सिट्रेटचा थर तकलादू असल्यामुळे उघडे सोने सोन्याला भिडून जणू सांधले जाते. अल्ट्रासोनिक बाथ निष्फळ ठरला तो यामुळेच.

फॅराडे यांनी १८५७ साली रॉयल सोसायटीपुढे सोन्याच्या कलिलांवर (द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या मिश्रणांवर) व्याख्यान दिले, तेव्हा मिठाने माणिकरंगी द्रव निळा पडतो याची नोंद त्यांनी केलेली होती. तेव्हा आपली चूक निदान प्रतिष्ठित तरी आहे.

थायॉलवाला:
उपाय सोपा आहे. एका टोकाला थायॉल (गंधकयुक्त) गट असलेले पॉलिएथिलीन ग्लायकॉल, रेणुभार ५०००च्या आसपासचे, पृष्ठभागावर मावेल त्याच्या कैक पट प्रमाणात शुद्ध पाण्यातील कलिलात घालावे आणि रात्रभर ठेवावे. गंधक सोन्याला घट्ट बांधले जाते, सिट्रेट बाजूला सरते आणि पाण्याने फुगलेली लांब साखळी कणाभोवती गादीसारखी पसरते. हे संरक्षण प्रभारावर अवलंबून नसल्याने मीठ कितीही घातले तरी फारसे बिघडत नाही. १३ नॅनोमीटरच्या कणात जेमतेम दहा टक्के अणू पृष्ठभागावर असतात, पण बाहेरच्या जगाला दिसतो तो त्यांच्यावर बसलेला थर. सीटीएबी हा साबणासारखा पदार्थ वापरून वाढवलेले सोन्याचे दंड (दांड्याच्या आकाराचे नॅनोकण) पेशींना घातक ठरतात, ते मुख्यतः त्या सीटीएबीमुळे. थर बदलला की तेच दंड पेशींच्या प्रयोगात वापरता येतात.

पट्टीचाचणी:
वरील सल्ला चुकीचा नाही, परंतु प्रश्नकर्त्याच्या कामासाठी तो आडवळणाचा वाटतो. प्रतिपिंड पृष्ठभागावर नुसत्या अधिशोषणाने (आपोआप चिकटून) बसवायचे असतील, तर प्रथिनांना दूर ठेवणारी गादी आधीच घालणे म्हणजे स्वतःच दार लावून घेणे होय. गर्भधारणा चाचणीच्या पट्टीवर जी लाल रेघ उमटते, तिच्यामागे सहसा असेच प्रतिपिंड चढवलेले सोन्याचे कण असतात, आणि तेथे सिट्रेटचा दुबळेपणा हाच गुण ठरतो: तो प्रथिनाला जागा करून देतो.

पद्धत अशी. पोटॅशियम कार्बोनेटच्या सौम्य द्रावणाने कलिलाचा सामू ८.५ ते ९च्या दरम्यान आणावा, म्हणजे प्रतिपिंडाच्या समविभव बिंदूच्या (ज्या सामूला त्याचा एकूण प्रभार शून्य होतो त्याच्या) किंचित वर. प्रत्येक प्रतिपिंडासाठी हा आकडा पडताळावा लागतो. प्रतिपिंडाच्या साठ्यात क्षार असतील तर ते आधी काढून टाकावेत. मग लहान नळ्यांत समान कलिल घेऊन प्रतिपिंडाचे प्रमाण वाढवत न्यावे, दहा मिनिटांनी प्रत्येकीत १० टक्के मिठाचे पाणी घालावे आणि ज्या सर्वांत कमी प्रमाणाला रंग लाल राहतो, त्यापेक्षा थोडे अधिक प्रमाण निवडावे. बी.एस्सी.ला आपण पाठ केलेला झिगमोंडी यांचा सुवर्णांक म्हणजे हीच कसोटी: १० मिलिलिटर सुवर्णकलिलाला १ मिलिलिटर १० टक्के मिठाच्या पाण्यापासून वाचवण्यासाठी लागणारे संरक्षक कलिलाचे मिलिग्रॅम. उरलेल्या मोकळ्या जागा शेवटी बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन या प्रथिनाने भराव्यात आणि त्यानंतरच बफरकडे वळावे.

परीक्षानळी:
आपणा सर्वांचे आभार. म्हणजे मी क्रम उलटा केला होता. बफर आधी आणि प्रतिपिंड नंतर. एक शंका आहे: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात कण १४ नॅनोमीटरचे दिसतात. प्रतिपिंड बसल्यावर ते मोठे दिसतील का?

द्विस्तर:
सूक्ष्मदर्शकात जवळजवळ नाही, कारण तेथे प्रामुख्याने जड धातूचा गाभा उठून दिसतो. गतिक प्रकाश-प्रकीर्णनात (विखुरलेल्या प्रकाशावरून द्रवातील कणाचा आकार मोजण्याच्या पद्धतीत) मात्र थरासह कण मोजला जातो, त्यामुळे व्यास वाढलेला आढळेल, आणि शोषणाचे शिखरही काही नॅनोमीटर उजवीकडे सरकेल. ते सरकले पण रुंद झाले नाही, तर थर नीट बसला असे समजावे.

पट्टीचाचणी:
आणि एक नळी प्रतिपिंडाशिवाय ठेवण्यास विसरू नये. मीठ घातल्यावर ती निळी झालीच पाहिजे. तीही लाल राहिली, तर काचेच्या भांड्यातून किंवा पाण्यातून आधीच काहीतरी कणांवर चढले आहे आणि बाकीच्या नळ्यांचा निकाल धरू नये.