सगळे फॉर्म मॅक्सिमाइझ करणं हा उपाय नाही

चौकट: मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेसमध्ये "प्रत्येक फॉर्मच्या लोडमध्ये (फॉर्म उघडताना चालणारा इव्हेंट) डू-कमांडचं मॅक्सिमाइझ (खिडकी पूर्ण मोठी करणारी आज्ञा) टाका, आकाराची आणि जागेची कटकट संपली" असा सल्ला एका पोस्टमध्ये वाचला. नवे लोक तो जसाच्या तसा उचलतील, म्हणून सविस्तर लिहितो. ओव्हरलॅपिंग विंडोज (फॉर्म एकमेकांवर येणाऱ्या सुट्या खिडक्यांत उघडण्याची सेटिंग) असताना मॅक्सिमाइझ एका फॉर्मपुरतं राहतच नाही. पॉप अप (बाकीच्यांच्या वर तरंगणारे) नसलेले सगळे उघडे फॉर्म एकदम पसरतात. चार फील्डचा शोध-फॉर्मही पडदाभर होतो. एखादा फॉर्म मोठा हवाच असेल तर मॅक्सिमाइझ ॲक्टिव्हेट इव्हेंटमध्ये (फॉर्म पुढे येताना) आणि रिस्टोअर डीॲक्टिव्हेटमध्ये (मागे जाताना) लिहा. लहान फॉर्मना पॉप अप 'येस', बॉर्डर स्टाइल 'डायलॉग', ऑटो रीसाइझ आणि ऑटो सेंटर 'येस'. कोडची एक ओळ लागत नाही. तपासताना मात्र डिझाइनमधून फॉर्म व्ह्यूवर जाऊ नका. तसं केलं की ऑटो रीसाइझ लागूच होत नाही आणि प्रॉपर्टी बिघडली आहे असं वाटतं. फॉर्म बंद करा, मग थेट उघडा.

टॅबप्रेमी: ती पोस्ट माझी. ॲक्सेस 2007 पासून टॅब्ड डॉक्युमेंट्स (प्रत्येक फॉर्म वेगळ्या टॅबमध्ये) आहेत. त्यात फॉर्म आपोआप पूर्ण जागा घेतो, मूव्हसाइझ या जागा-आकार बदलणाऱ्या आज्ञेचं काही चालत नाही. कंट्रोलचा हॉरिझॉन्टल अँकर (तो फॉर्मच्या कोणत्या कडेला बांधायचा ती प्रॉपर्टी) 'बोथ' करा, कंट्रोल खिडकीबरोबर ताणले जातात. ट्विप्स (ॲक्सेसचं लांबीचं बारीक एकक) मोजत बसण्याचे दिवस गेले.

चौकट: टॅब असतील तर मॅक्सिमाइझची ओळ लिहायला सांगितलीत कशासाठी? तिथे तिचा उपयोगच नाही. अँकर चांगला आहे, तेवढं मान्य. पण शेजारशेजारच्या दोन टेक्स्ट बॉक्सना 'बोथ' दिलंत आणि ते लेआउटमध्ये (कंट्रोल एकत्र बांधणाऱ्या चौकटीत) नसले, तर डावा ताणून उजव्यावर चढतो. अक्षरांचा आकारही वाढत नाही. हे न सांगता सल्ला देऊ नये.

फ्रंटएंड: वापरणाऱ्याला फॉर्म जिथे ठेवला तिथेच परत हवा असतो, त्याचं काय? अनलोडमध्ये (फॉर्म बंद होताना) विंडोलेफ्ट, विंडोटॉप, विंडोविड्थ, विंडोहाइट या जागा-आकाराच्या प्रॉपर्टी टेबलात साठवा आणि लोडमध्ये मी.मूव्ह ने ('मी' म्हणजे कोडमध्ये हाच फॉर्म) परत द्या. ही चारही फक्त वाचता येतात, त्यामुळे थेट किंमत देऊ नका. लिहिता येतात ती इनसाइडविड्थ आणि इनसाइडहाइट. एकक ट्विप: इंचाला 1440, सेंटीमीटरला साधारण 567. ऑटो सेंटर आणि ऑटो रीसाइझ इथे 'नो' ठेवा.

नोंदवही: टेबल कुठलं? बॅक एंडमध्ये (सगळ्यांची सामाईक डेटा-फाइल) ठेवलंत तर एकाचा मोठा पडदा आणि दुसऱ्याचा लॅपटॉप एकाच नोंदीवर भांडतील. सेव्हसेटिंग आणि गेटसेटिंग वापरा. नोंद रजिस्ट्रीत (विंडोजचा सेटिंग्जचा साठा), त्या वापरकर्त्याच्या भागात जाते.

फ्रंटएंड: नीट वाचा. बॅक एंड मी म्हटलेलंच नाही. टेबल फ्रंट एंडमध्ये (प्रत्येकाच्या मशीनवरची फॉर्मची फाइल).

नोंदवही: मग फ्रंट एंडची नवी प्रत दिली की सगळ्यांच्या जागा पुसल्या जाणार! दर सुधारणेला लोकांनी पुन्हा खिडक्या लावायच्या?

फ्रंटएंड: आणि रजिस्ट्रीतल्या नोंदी माणूस दुसऱ्या मशीनवर बसला की सापडत नाहीत. बॅक एंडमध्येच ठेवायचं तर की मध्ये (नोंद ओळखण्याची खूण) वापरकर्ता, मशीनचं नाव आणि फॉर्मचं नाव तिन्ही घ्या. भांडण उरत नाही.

नोंदवही: दुसऱ्या मशीनवर सापडू नयेत हेच योग्य आहे, पडदाच वेगळा! तीन भागांची की चालेल, पण खिडकीच्या जागेसाठी दर वेळी नेटवर्कवर लिहायला जाणं मला पटत नाही.

टॅबप्रेमी: एवढा खटाटोप टॅबमध्ये लागत नाही, हेच मी म्हणत होतो.

चौकट: टॅबमध्येही पॉप अप फॉर्म तरंगतोच, आणि तो ॲक्सेसच्या खिडकीबाहेरही नेता येतो. खरी अडचण तिथे आहे आणि तुम्ही दोघं टेबल-रजिस्ट्रीवर अडलात. फॉर्म दुसऱ्या मॉनिटरवर असताना जागा साठवली आणि नंतर तो मॉनिटर काढला, तर फॉर्म उघडतो पण दिसत नाही. तो मोडल (बंद करेपर्यंत बाकी काही करू न देणारा) असेल तर ॲक्सेस गोठल्यासारखं वाटतं. मूव्ह झाल्यावर मॉनिटरफ्रॉमविंडो ही एपीआय (विंडोजचं तयार फंक्शन) मी.एचडब्ल्यूएनडी (फॉर्मच्या खिडकीचा ओळख-क्रमांक, म्हणजे हँडल) आणि फ्लॅग 0 देऊन बोलवा. उत्तर 0 आलं तर खिडकी कुठल्याच पडद्यावर नाही. मग मी.मूव्ह 0, 0. चौसष्ट बिटच्या ॲक्सेससाठी डिक्लेअरमध्ये (एपीआय जाहीर करणाऱ्या ओळीत) पीटीआर-सेफ आणि हँडलला लाँगपीटीआर हवाच.

नोंदवही: ही तपासणी माझ्या कोडमध्ये घालावीच लागेल. साठवतानाही इझझूम्ड आणि इझआयकॉनिक या एपीआय बघा. फॉर्म मॅक्सिमाइझ किंवा मिनिमाइझ असेल तर जागा साठवूच नका, आधीची राहू द्या.

फ्रंटएंड: ते बरोबर. आणि रीसाइझ इव्हेंटमध्ये मूव्ह लिहू नका. आकार बदलला की तोच इव्हेंट पुन्हा पेटतो.