‘अस्सल गावकऱ्याच्या सात खुणा’ या टिपणाला उत्तर: या खुणा गावकऱ्याच्या नव्हेत, पाहुण्याच्या आहेत

काळी माती (देपालपूर तहसील)

‘रामबाग’ यांनी माळव्यातल्या खेड्यांविषयी लिहिलेल्या टिपणात अस्सल गावकरी ओळखण्याच्या सात खुणा दिल्या आहेत. तो ‘हे काय, समोरच आहे’ असे म्हणून पाहुण्याला तीन कोस चालवतो. नाव विचारण्याआधी ‘कोणाकडचे?’ असे विचारतो. दाल-बाफले (वरणासोबतचे तुपात बुडवलेले कणकेचे गोळे) खाल्ल्यावर पंगतीतच आडवा होतो. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून रबर लावतो. ट्रॅक्टरवरची गाणी पुढच्या गावाला ऐकवतो. इंदूरच्या भर रस्त्यात बांधावरून वळावे तसा वळतो. आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्याचे हिंगोट, म्हणजे दारू भरलेली पेटती फळे एकमेकांवर फेकण्याची लढाई, चुकवत नाही. टिपणाला भरभरून दाद मिळाली, तीही मी वाचली. मी याच तहसिलीत जन्मलो, येथेच शेती करतो आणि मला हे टिपण लागले, कारण यातली एकही खूण गावात राहून सापडलेली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेल्या माणसाला ओट्यावर बसून जे दिसते, तेवढेच यात आहे.

हिंगोटाचेच घ्या. ते पाहायला इंदुराहून गाड्या भरभरून लोक येतात, त्यामुळे पाहणे ही खूण होऊच शकत नाही. हिंगोटाची फळे उतरवायची, आतला गर कोरून काढायचा, कवच वाळवायचे, त्यात दारू ठासायची, तोंड मातीने बंद करायचे आणि बांबूची काडी बांधायची, या कामापायी ज्याच्या घरची दिवाळीची साफसफाई अडून राहते आणि ज्याला त्यासाठी घरच्या बायकांची बोलणी खावी लागतात, तो तिथला. गौतमपुऱ्याचा तुर्रा आणि रुणजीची कलंगी हे दोन गट समोरासमोर उभे राहतात तेव्हा पाहुणा बॅरिकेडच्या मागे असतो, हे मी मुद्दाम सांगतो.

‘समोरच आहे’ या वाक्याचीही थट्टा झाली आहे. ते वाक्य वैशाखात अगदी खरे असते. शेत रिकामे असते, माणूस सरळ तोडून जातो आणि समोरच्या वस्तीवर पोहोचतो. आषाढात त्याच वाटेवर काळी माती पायताणाला अशी धरते की पाय उचलतो आणि चप्पल मागेच राहते, म्हणून मग रस्त्याने वळसा घालावा लागतो. सांगणारा खोटे बोलत नाही, ऐकणाऱ्याला महिना कळत नाही.

खऱ्या खुणा हव्या असतील तर मी देतो. मंडीत ढिगातला सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून जो ओलावा सांगतो आणि व्यापाऱ्याच्या यंत्राशी त्यावरून भांडतो, तो गावचा. पौषाच्या थंडीत झोपेतसुद्धा ज्याला विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीची घरघर ऐकू येते आणि लाइट आल्याचे कळते, तो गावचा. इंदूरमधल्या लग्नात वरमाला चालू असताना जो जनरेटरच्या आवाजाने दचकून उभा राहतो आणि स्टार्टर कोण चालू करील या काळजीने घरी फोन लावतो, तोही आमचाच.

रामबाग (इंदूर)

आपण माझ्या टिपणावर एवढा राग धरावा असे त्यात काही नव्हते. खेड्यातला माणूस स्वतःवर जितका हसतो तितका शहरातला हसत नाही, आणि या साती खुणा मी आमच्या बेटमा गावाकडच्या शेजाऱ्यांच्याच तोंडून ऐकल्या आहेत. ट्रॅक्टरवरची गाणी ही थट्टा पहिल्यांदा ट्रॅक्टरवाल्याच्याच आईने केली होती. त्यांनी हसले की आपलेपणा आणि मी लिहिले की अपमान, हा न्याय मला मान्य नाही.

दुसरे असे की आपण खुणा म्हणून केवळ कष्ट मांडता. रात्रीचे पाणी, मंडीतले भांडण, पायाला धरलेला चिखल हे सगळे खरे आहे. पण गावात माणसे पंगतीत बसतात, ओट्यावर गप्पा मारतात, दुपारी झोपतात, आणि तेही तितकेच खरे आहे. घाम गाळला नाही तो गावचा नाही, अशी अट घातली तर गावातला शिंपी, पुजारी आणि शाळेतला मास्तर कुठे जाणार?

आमच्या पणजोबांना होळकर दरबाराकडून जमीन मिळाली होती. मध्य भारतात १९५१ साली जमीनदारी आणि जहागिरी रद्द करणारे कायदे आले, त्यात बहुतेक गेली. जी उरली ती आजही आमच्या नावावर आहे. मला पाहुणा म्हणण्याआधी आपण एवढे तरी विचारायला हवे होते.

सांवेरची सून (सांवेर तहसील)

दोन्ही दादांचे वाचून झाले. सात खुणा एकाच्या, तीन दुसऱ्याच्या, आणि या दहांमध्ये बाईला काम काय, तर दिवाळीत बोलायचे आणि ट्रॅक्टरवाल्याला हसायचे. जणू माळव्यातली खेडी पुरुषांनीच वसवली आहेत.

मी इंदूरच्या सुदामानगरात वाढले आणि लग्न होऊन या गावात आले. पहिल्या मे महिन्यात न्हाणीघराच्या कोपऱ्यात एक ओले गोणपाट गुंडाळून ठेवलेले दिसले. मी ते उचलून बाहेर वाळत घातले. त्या दिवशी सासूबाईंचा आवाज चार घरे पलीकडे ऐकू गेला. त्या गोणपाटात शंभर दाणे मोजून ठेवले होते. सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले तर घरचे बियाणे पेरायचे, कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवायचे किंवा नवे आणायचे. साऱ्या घराचा हंगाम त्या गोणपाटावर ठरणार होता. आता ते मी ठेवते आणि न्हाणीघराकडे जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दारातच बजावते. मे महिन्यात ज्या घरात माणसांपेक्षा गोणपाटाची आंघोळ वेळेवर होते, ते घर गावचे. लिहून ठेवा.

दुसरी खूण पितृपक्षातली. आमच्याकडे मुली भिंतीवर शेणाची संजा काढतात, रोज नवी आकृती, शेवटी किल्ल्याची मोठी आकृती, किलाकोट. पांढरी धुतलेली भिंत मुलींना सोपवताना ज्या घरातला पुरुष तोंडातून शब्द काढत नाही, ते घर जुने. नवीन बंगले बांधलेले लोक मुलींना पुठ्ठा आणून देतात.

हरसी कालवा (ग्वाल्हेर)

आपण तिघेही माळव्याला सगळे खेडे समजत आहात, म्हणून मध्ये बोलतो. आमच्या डबऱ्याकडे हरसी धरणाचे कालव्याचे पाणी आहे आणि शेतात धान उभे असते. सोयाबीनचा दाणा दाताखाली धरणे ही खूण आमच्याकडे कुणाला लागू पडणार नाही. आमची खूण अशी की कालव्याची पाळी रात्री आली तर सख्खा भाऊ सुद्धा फावडे घेऊन बांधावर बसतो आणि सकाळी दोघे एकाच ताटात जेवतात.

काळी माती (देपालपूर तहसील)

ताईंचे गोणपाट मला मान्य आहे. माझ्या यादीत ते यायला हवे होते, आमच्या घरी ते काम आईच करते. ग्वाल्हेरच्या दादांना एवढेच सांगतो की आमच्याकडे कालवे नाहीत. खाली बेसाल्टचा खडक आहे, त्यात पाणी भेगांपुरतेच साठते आणि ट्यूबवेल दरवर्षी खाली खाली न्यावी लागते. माळव्यात पावलोपावली पाणी आहे असे सांगणारी ‘पग पग नीर’ ही म्हण आता आमच्या पोरांना समजावून सांगावी लागते.

आता ‘रामबाग’ यांच्याकडे येतो. शिंपी, पुजारी आणि मास्तर गावात राहतात, म्हणून ते गावचे. त्यांच्याविषयी मी काही म्हटलेच नव्हते. आपली बेटम्याकडची जमीन आपण बटाईने, म्हणजे पिकातल्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला, दिली असणार, असे मी धरून चालतो. तसे असेल तर एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. २०१७ च्या खरिपात भावांतर योजना आली, तेव्हा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३०५० रुपये होता आणि बाजारभाव त्याच्या बराच खाली होता. या फरकाची रक्कम सरकारकडून नोंदणी करणाऱ्याच्या खात्यात जाणार होती. आपल्या शेतातली नोंदणी कोणाच्या नावाने झाली? पेरणारा, इल्लीसाठी (अळीसाठी) फवारणी करणारा, रोजड्यांसाठी (नीलगायींसाठी) रात्र जागणारा एक, आणि खाते दुसऱ्याचे, असे झाले असेल तर त्या शेताचा गावकरी कोण, हे आपणच सांगावे.

रामबाग (इंदूर)

हा प्रश्न खुणांच्या टिपणाखाली विचारण्याचा नव्हता आणि त्यातला सूर मला अजिबात आवडलेला नाही. तरीही उत्तर देतो, कारण लपवण्यासारखे काही नाही. नोंदणी आमच्या नावाने झाली, कारण जमीन आमच्या नावाने आहे. रक्कम आल्यावर बटाईदाराशी हिशोब केला. निम्मा खर्च आम्ही देतो, निम्मे पीक घेतो, ही रीत आमच्या आजोबांपासून चालत आली आहे आणि त्या घराशी आमचे लग्नकार्यातले जाणे-येणे आहे. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी वाढपी म्हणून उभा होतो. आपण या नात्याला शोषण म्हणणार असाल तर आपल्याला ते नाते कळलेले नाही.

जुना खसरा (इंदूर)

महसूल खात्यात नोकरी केल्यामुळे या एका मुद्द्यावर बोलण्याचा अधिकार मला आहे, असे समजतो.

तोंडी बटाई माळव्यात एवढी का पसरली, त्याचे कारण प्रेम नव्हे, कायदा आहे. १९५९ च्या भू-राजस्व संहितेच्या कलम १६८ ने मुळात लागोपाठच्या तीन वर्षांत एकाच वर्षी जमीन पट्ट्याने (भाडेकराराने) देण्याची मुभा ठेवली होती. त्याहून अधिक काळ दिली आणि तसा कागद झाला, तर कसणाऱ्याचा हक्क लागेल, ही भीती मालकांच्या मनात बसली. म्हणून कागद टाळला गेला आणि कसणारा खसऱ्यात, म्हणजे शेताच्या सरकारी नोंदवहीत, कुठेही दिसेनासा झाला. २०१६ मध्ये राज्याने भूमिस्वामी आणि बटाईदार या दोघांच्याही हितसंरक्षणाचा कायदा केला. त्यानुसार लेखी करार करता येतो, त्याची प्रत तहसीलदाराकडे जाते, करारामुळे मालकाचा हक्क जात नाही आणि पीक बुडाल्यास मदत व विम्यात बटाईदाराला वाटा मिळण्याची सोय आहे. म्हणजे भीतीचे कारण उरलेले नाही. तरीही असे करार माझ्या टेबलावर क्वचितच आले.

आपल्या मूळ चर्चेसाठी एक खूण माझ्याकडेही आहे. सीमांकनाला गेल्यावर ज्याच्या नावाने खाते असते तो नकाशा उघडून उभा राहतो, आणि जो कसतो तो न बोलता जाऊन हद्दीच्या दगडावर पाय ठेवतो. दगड बहुतेक वेळा बरोबर निघत असे.

सांवेरची सून (सांवेर तहसील)

काकांनी कायद्याचे सांगितले, मी घरचे सांगते. आमच्या शेजारच्या शेताचे मालक बाहेरगावी असतात आणि एक जोडपे ते बटाईने करते. एका वर्षी सोयाबीन पिवळे पडून शेंगाच धरल्या नाहीत. नुकसानीची रक्कम आली ती मालकांच्या खात्यात. मालक माणूस वाईट नाही, त्यांनी दिवाळीला पैसे पाठवले, परंतु ते दिले कसे, तर ‘मुलांना कपडे घ्या’ असे म्हणून. त्या बाईने ते घेतले आणि आमच्या ओट्यावर येऊन रडली. तिचे म्हणणे एवढेच होते की निंदणी मी केली, पीक माझे बुडाले आणि पैसे मात्र मला भेट म्हणून मिळाले.

‘रामबाग’ दादा, आपण लग्नात वाढायला उभे राहिलात हे चांगलेच केले, त्यावर मी शंका घेत नाही. पण वाढपी होण्याने खसऱ्यातला रकाना भरत नाही.

हरसी कालवा (ग्वाल्हेर)

बटाईदाराची बाजू घेणाऱ्यांनी दुसरी बाजूही पाहावी. आमच्याकडे एका नातेवाइकांनी विश्वासाने जमीन दिली आणि पुढे कब्जा सोडवण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे कचेरीत खेटे घालावे लागले. कायदा २०१६ चा असला तरी आठवणी त्याआधीच्या आहेत, आणि मालक आठवणीवर चालतो.

काळी माती (देपालपूर तहसील)

ज्यांचे असे झाले त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे, परंतु त्याची शिक्षा आमच्या तहसिलीतल्या प्रत्येक कसणाऱ्याने का भोगावी? २०२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये झाला आणि राज्यात भावांतर पुन्हा लागू झाले. ज्याच्या हातात कागद नाही, तो या वेळीही दारातच उभा राहिला. मी हे ऐकलेले सांगत नाही, आमच्या गावातल्या नोंदणीच्या रांगेत उभा होतो. माझ्या पुढच्या माणसाला विचारले, ‘जमीन कोणाची?’ तो मालकाचे नाव सांगून बाजूला झाला. त्या शेतातला प्रत्येक ओला-कोरडा तुकडा त्याला पाठ आहे.

‘रामबाग’ यांनी थट्टा करावी, माझी हरकत नाही. प्लास्टिकच्या पिशवीतल्या मोबाइलवर मीही हसलो, कारण माझाही तसाच असतो. ती खूण यादीत राहू द्यावी. बाकी सहा काढाव्यात.

रामबाग (इंदूर)

सहा काढणार नाही. ‘समोरच आहे’ ही खूण आपण दिलेल्या कारणासह ठेवीन, कारण चिखलाचा खुलासा मूळ थट्टेपेक्षा सरस आहे. हिंगोटाची खूण बदलून साफसफाईची करीन. गोणपाट आणि संजेची भिंत ताईंच्या परवानगीने घेईन. दाल-बाफले मात्र मुळीच हलणार नाहीत. त्यावर आपण एक शब्दही खोडू शकलेला नाहीत.

राहिला करार. आपण ज्या सुरात विचारले त्या सुरामुळे माझी नकार देण्याची इच्छा होती, पण ताईंनी सांगितलेल्या बाईची गोष्ट मी घरी वाचून दाखवली आणि आमच्या आईने मला तोच प्रश्न विचारला. गव्हाची कापणी झाली की लेखी करार करू. ‘जुना खसरा’ यांनी त्याचा नमुना पाठवावा आणि प्रत तहसिलीत कोणी, कधी द्यायची, हेही लिहावे. खर्चाचा निम्मा वाटा पूर्वीसारखाच राहील आणि मुदत सुरुवातीला एकाच वर्षाची असेल, हे आताच सांगून ठेवतो.

जुना खसरा (इंदूर)

नमुना पाठवतो. एक वर्षाचा करार चालतो, पाच वर्षांपर्यंतचाही करता येतो. बटाईदाराला सोबत घेऊन या आणि सही करण्याआधी त्याला करार मोठ्याने वाचून दाखवा. खसरा क्रमांक आपण कागदावरून लिहाल, तो त्याच्याकडून शेतात उभे राहून तपासून घ्या.