मदत हवी आहे: कोंबडीच्या खाद्यात औषध आहे का, हे गोणीवरून कळत नाही. कुठे आणि कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही सिन्नर तालुक्यातले. घरची ५,००० पक्ष्यांची ब्रॉयलर शेड आहे, करारावर. पिल्लं, खाद्य आणि औषध कंपनीचं. शेड, लाइट, पाणी, भुसा आणि ब्रूडिंगच्या (लहान पिल्लांना ऊब देण्याच्या) रात्रींचं जागरण आमचं. माल उचलला की किलोमागे पैसे मिळतात. सहा वर्षं हेच चालू आहे आणि त्यावर घर चाललंय, हे आधी सांगते.

जूनमध्ये सासऱ्यांना लघवीचा संसर्ग झाला. कल्चरचा रिपोर्ट आला तर औषधांच्या नावांपुढे आर, आर, आर, म्हणजे जंतूंवर ते औषध चालत नाही. लागू पडेल असं औषध शोधण्यात आठवडा गेला. डॉक्टरांनी सहज विचारलं, "घरी पोल्ट्री आहे का? पक्ष्यांना कुठली औषधं देता?" पाण्यातून काय देतो ते मला तोंडपाठ होतं, कारण ते मीच टाकते. खाद्यातून काय जातं हे मात्र सांगता येईना. त्यांचा आजार शेडमुळेच झाला असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. पण आपण रोज हाताळतो त्या गोणीत काय आहे हे माहीत नसणं मनाला लागलं.

घरी येऊन पक्ष्याच्या वयानुसार बदलणाऱ्या खाद्याच्या, प्रीस्टार्टर, स्टार्टर आणि शेवटचं फिनिशर, अशा तिन्ही गोण्या उलटून वाचल्या. प्रथिनं, तंतू, स्निग्धांश, ओलावा, एवढंच. औषधाचा शब्द नाही. सुपरवायझर म्हणाला, "ताई, तुम्ही एफसीआर (किती खाद्यात किती वजन) बघा, फॉर्म्युला कंपनी बघते." ऑफिसला फोन केला तर फॉर्म्युला गुपित आहे म्हणाले. मला मक्याचं आणि सोयापेंडीचं प्रमाण नकोच आहे हो. औषध आहे की नाही, असेल तर कुठलं आणि किती, एवढंच विचारलं होतं.

मग वाचायला बसले. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा. त्यात 'अन्न' या शब्दाच्या व्याख्येतूनच पशुखाद्य वगळलंय. औषधांचा कायदा १९४० चा, तो औषधाच्या बाटलीला लागतो. आता प्रीमिक्समधून (खाद्यात कालवायच्या तयार मिश्रणातून) औषध खाद्यात मिसळलं की ते अन्नही राहिलं नाही आणि बाटलीही राहिली नाही. पोल्ट्री खाद्याला भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे, आयएस १३७४, पण ते ऐच्छिक. म्हणजे पाळलं तर पाळलं. पशुखाद्य कसं असावं याची आचारसंहिता कोडेक्सने (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेने) २००४ मध्येच काढली. औषध घातलेल्या खाद्यावर ते स्पष्ट लिहिलेलं असावं, हे त्यात आहे. भारत १९६४ पासून कोडेक्सचा सदस्य आहे. तरी औषधी खाद्य कोणी बनवायचं, कोणाच्या चिठ्ठीवर विकायचं, गोणीवर काय छापायचं हे बांधून देणारा देशपातळीवरचा कायदा मला सापडला नाही. सापडली ती एकेका औषधावरची बंदी. २०१९ मध्ये कॉलिस्टिन हे प्रतिजैविक जनावरांसाठी बंद केलं, त्यात खाद्यपूरकंही आली. चांगलं झालं. पण गोणीवर नावच छापायचं नसेल तर ते खरंच बंद झालं की नाही, हे शेडमधल्या बाईने कसं ओळखायचं?

द्राक्षवाल्यांना हे लगेच कळेल. २०१० साली क्लोरमेक्वॅट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश निघाला म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली होती. आमच्या भावकीतल्या निर्यातीच्या बागा तेव्हा पोळल्या. आज निर्यातीच्या बागेत कोणती फवारणी कधी केली आणि तोडणी कधी, याची नोंद असते, नमुना प्रयोगशाळेत जातो. बाहेर जाणाऱ्या द्राक्षाला एवढं, आणि आपल्याच पोरांच्या ताटातल्या कोंबडीला काहीच नाही, हे मला पटत नाही.

तर मदत अशी हवी आहे. खाद्यातली प्रतिजैविकं तपासून देणारी प्रयोगशाळा पुणे-नाशिक पट्ट्यात कोणी वापरली आहे का? नमुना कसा घ्यायचा, म्हणजे नंतर कोणी "तुम्हीच कालवलं" असं म्हणणार नाही? करार न मोडता कंपनीकडून हे लेखी मागता येतं का? आणि कोंबडखत आम्ही कांदेवाल्यांना देतो, त्यातूनही काही जात असेल का?

प्रतिसाद : माळरान

ताई, पशुवैद्यकीय सेवेत होतो, आता निवृत्त आहे. पहिली गोष्ट, खाद्यात औषध असणं म्हणजे लबाडीच असं नव्हे. कॉक्सीसाठी (पक्ष्यांच्या आतड्याच्या परजीवी आजारासाठी) सॅलिनोमायसिन, मड्युरामायसिनसारखी औषधं ब्रॉयलर खाद्यात सर्रास असतात, युरोपातही परवानगीने चालतात. ती माणसांसाठी वापरत नाहीत. काळजी करायची ती क्लोरटेट्रासायक्लिन, टायलोसिन यांच्यासारख्या प्रतिजैविकांची, आणि तीही आजार नसताना फक्त वजनासाठी रोज थोडी थोडी दिली जातात तेव्हा. तेवढ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, सरावतात. विष्ठेतून औषधाचा काही भाग आणि सरावलेले जंतू दोन्ही बाहेर पडतात, म्हणून कोंबडखताचा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. खत कच्चं देऊ नका. ढीग लावून, ओलावा राखून, पालटून नीट कुजवा. जंतू बरेच कमी होतात. औषधाचा अंश मात्र सगळा जाईलच असं नाही.

गोणीवर नाव हवं याचं आणखी एक कारण आहे, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. उरलेलं कोंबडीखाद्य लोक घोड्याला, बैलाला घालतात. मोनेन्सिन हे कॉक्सीचंच औषध घोड्याला अगदी थोडं गेलं तरी हृदय निकामी होतं. असा घोडा मी पाहिलाय. मालकाला बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की त्याने काय घातलं.

नमुना असा घ्या. गाडी उतरताना, गोण्या शेडमध्ये वापरायला घेण्याआधी, सुपरवायझर किंवा ग्रामपंचायतीतलं कोणी समोर ठेवून पाच-सहा गोण्यांतून थोडं थोडं काढा, एकत्र करून तीन भाग करा. तिन्ही सील करा, त्यावर बॅच नंबर, तारीख, सह्या. एक प्रयोगशाळेला, एक कंपनीला, एक तुमच्याकडे. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची हवी, आणि 'पशुखाद्यातील प्रतिजैविके' हे तिच्या मान्यतेच्या यादीत आहे का ते आधी विचारा. मांस किंवा दूध तपासणारी प्रत्येक जागा खाद्य तपासतेच असं नाही. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा, निदान दिशा मिळेल.

प्रतिसाद : पवनचक्की

मूळची साताऱ्याची, आता नेदरलँड्समध्ये खाद्य कारखान्यात नोकरी. इथे औषधी खाद्याला युरोपचा २०१९ चा नियम आहे, २८ जानेवारी २०२२ पासून लागू. पशुवैद्याची चिठ्ठी नसेल तर आम्ही मिसळतच नाही. प्रतिजैविक असेल तर ती चिठ्ठी पाच दिवसच चालते. आजार नसताना खबरदारी म्हणून प्रतिजैविक खाद्यातून देता येत नाही. औषधाची बॅच काढल्यावर यंत्र साफ करावं लागतं, कारण मागच्या बॅचचा अंश पुढच्या साध्या खाद्यात जातो. तुमच्या गोणीत कोणी मुद्दाम घातलं नसेल तरी अशा मार्गाने येऊ शकतं, हे रिपोर्ट वाचताना लक्षात ठेवा. म्हणून नुसतं 'आहे-नाही' असा रिपोर्ट घेऊ नका, किलोमागे किती मिलिग्रॅम ते मागा. वाढीसाठीची प्रतिजैविकं स्वीडनने १९८६ मध्येच थांबवली आणि सगळ्या युरोपने २००६ पासून. कोंबडीचा धंदा बुडाला नाही. शेडची हवा, खाली अंथरलेला भुसा, पिल्लांची गर्दी यांकडे मात्र लक्ष द्यावं लागलं.

प्रतिसाद : धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. माळरानदादा, घोड्याचं वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्याकडे घोडा नाही, पण झाडलोटीचं खाद्य आम्ही वर्षानुवर्षं शेजारच्या गोठ्यात देत आलो. आजपासून बंद केलं आणि त्यांना कारणही सांगून आले.

करारपत्र काढून वाचलं. खाद्य कंपनीच्या मालकीचं असेल असं आहे, नमुना घेऊ नये असं कुठेही नाही. म्हणून अर्ज साधा लिहिलाय: प्रत्येक बॅचमध्ये कोणतं औषध, किती, आणि माल उचलण्याआधी किती दिवस बंद ठेवायचं. शेवटच्या प्रश्नाला आधारही मिळाला. औषधांच्या नियमांत २०१२ पासून असं आहे की लेबलवर ठरावीक मुदत सिद्ध केलेली नसेल तर मांसासाठी किमान २८ दिवस आणि अंडी-दुधासाठी ७ दिवस धरायचे. आमचा पक्षी जेमतेम ४० दिवस जगतो आणि शेवटपर्यंत फिनिशर खातो. त्यात औषध असेल तर हे २८ दिवस मोजायचे कुठून, हा प्रश्न मी अर्जात तसाच लिहिलाय.

फिनिशरची गाडी शनिवारी येतेय. सरपंचबाई साक्षीला यायला तयार आहेत. दोन गोष्टी अजून अडल्यात. नमुना पाठवायचा तो कापडी पिशवीत की हवाबंद डब्यात? आणि इथे करारावर शेड चालवणारे आणखी कोणी असतील तर त्याच आठवड्यात आपापला नमुना काढाल का? एकटीचा अर्ज फाइलमध्ये पडून राहील. दहा शेडचे एकदम गेले तर उत्तर द्यावं लागेल. सिन्नर, निफाड, संगमनेर, कुठलेही असा, इथेच कळवा.