मदत हवी आहे: इफाविरेन्झ एन्झाइमला नेमकं अडवतं कसं?

नमस्कार मंडळी, नांदेडला बी.फार्म. करतोय, सेमिनारला एचआयव्हीचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (विषाणूच्या आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) आलंय. त्याला अडवणाऱ्या झिडोवुडिन, टेनोफोव्हिर या औषधांचं गणित डोक्यात बसलं, ते खोटा न्यूक्लिओटाइड बनून डीएनएच्या साखळीत घुसतात अन् ३ प्राइमचा ओएचच नसल्यानं पुढची कडी लागत नाही, खेळ खल्लास. घोडं अडलंय नेव्हिरापिन-इफाविरेन्झ या दुसऱ्या गटातल्या औषधांपाशी. हे अ‍ॅक्टिव्ह साइटला (जिथं न्यूक्लिओटाइड जोडले जातात) हातच लावत नाहीत, तिथून साधारण १० अँगस्ट्रॉम लांब पी६६ मधी (एन्झाइमच्या दोन तुकड्यांतला मोठा) एका खिशात जाऊन बसतात, आणि गंमत म्हणजे औषध नसताना तो खिसा तिथं नसतोच, टायरोसिन १८१ अन् १८८ ही अमिनो आम्लं वळली की मगच उघडतो. पुस्तकवाले ‘अ‍ॅलोस्टेरिक’ (म्हणजे दुसरीकडं बसून अडवणारं) एवढं लिहून मोकळे झाले, सरांनी पण तेच सांगितलं, यूट्यूबवर तर सगळे एकच अ‍ॅनिमेशन फिरवायलेत. के१०३एन म्युटेशनचं (ज्यानं ही औषधं चालेनाशी होतात) वाचून झालंय, ते नको, डोल्युटेग्राव्हिर पण नको, ते इंटिग्रेज या दुसऱ्या एन्झाइमचं. फळ्यावर आकृती काढून सांगायचंय, त्यामुळं सोप्यात सांगा. तो खिसा भरला की न्यूक्लिओटाइड आत येऊन बसणंच बंद होतं, का बसतो पण जोडला जात नाही?