उंच पोर, लहान वय: बूस्टर आत्ताच घ्यायचा का?

फ्रीमाँटहून (कॅलिफोर्निया), सोमवार रात्री

नमस्कार मंडळी,

मुलगी साडेचार वर्षांची, उंची ४५ इंच, वजन ४३ पौंड. सध्याच्या कन्व्हर्टिबल सीटमध्ये (आधी मागे, मग पुढे तोंड करून बसवायची कार सीट) खांद्याचे पट्टे सगळ्यात वरच्या खाचेत ओवलेत, तरी खांदे आता खाचेच्या वर गेले आहेत. सीटच्या लेबलवर मात्र हार्नेस (सीटचे स्वतःचे पट्टे) ६५ पौंडांपर्यंत चालेल असं आहे, म्हणजे वजनात अजून २२ पौंड शिल्लक. दुकानातल्या बूस्टरवर (मुलाला उंच करून गाडीचाच पट्टा लावायची सीट) '४ वर्षं, ४० पौंड' लिहिलंय, त्यात ती बसते. मग सरळ बूस्टर घ्यावा का? घ्यायचा तर पाठीचा की नुसती बैठक? डिसेंबरात पुण्याला जायचंय, तोच तिथेही चालला तर बरं.

सनीव्हेलहून, मंगळवार सकाळी

ताई, सध्याची सीट संपली हे तुम्ही बरोबर ओळखलंत. पुढे तोंड करून बसणाऱ्या मुलाचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा जरा वरून यावे लागतात. खालून वर येऊन खांद्यावरून वळले, तर धडकेत अंग पुढे जातंच, शिवाय खांदे खाली दाबले जाऊन मणक्यावर भार येतो. वजन, उंची, वरची खाच आणि कानाचं वरचं टोक सीटच्या कवचाच्या आत असणं, यातली एक जरी मर्यादा ओलांडली तरी सीट बाद. उंच मुलांच्या बाबतीत वजनाची मर्यादा बहुधा शेवटीच येते.

पण ही सीट संपली म्हणून हार्नेस संपला असं नाही. कन्व्हर्टिबलची वरची खाच सहसा खाली असते. पुढे बूस्टर होणाऱ्या, म्हणजे कॉम्बिनेशन सीटची खाच बऱ्याचदा दोनेक इंच वर मिळते. म्हणून उभी उंची बाजूला ठेवा आणि बसती मोजा. मुलीला जमिनीवर भिंतीला पाठ टेकवून, पाय सरळ पसरून बसवा. खांद्यावर पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक आडवं धरा, भिंतीवर पेन्सिलीची खूण करा, जमिनीपासून टेप लावा. समजा १६॥ (साडेसोळा) इंच आलं आणि नव्या सीटची वरची खाच १८॥ वर असली, तर दोन इंच हातात. या वयात खांदा वर्षाला इंचभरापेक्षा कमीच वर सरकतो, म्हणजे दोन वर्षांची सोय झाली. त्याच ४५ इंचांच्या दुसऱ्या मुलाचे पाय लांब आणि धड आखूड असेल, तर त्याला कदाचित जुनी सीटही पुरली असती.

इतका अट्टहास कशाला? बूस्टर मुलाला धरून ठेवत नाही, तो फक्त मुलाला पट्ट्याच्या जागी आणून बसवतो. त्या जागी टिकून राहणं हे मुलाचं काम. साडेचार वर्षांचं मूल खाली पडलेलं खेळणं उचलायला वाकतं, झोप लागली की कुशीवर कलंडतं, खांद्याचा पट्टा काखेतून मागे टाकतं. पट्टा तसा असताना धडक बसली तर बूस्टर असून नसल्यासारखाच. ४ वर्षं, ४० पौंड ही किमान अट आहे. माझ्या मते पाचच्या आत बूस्टर नको, आणि सहापर्यंत हार्नेसमध्ये मावत असेल तर उत्तम.

एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात. नवी सीट खालच्या लॅच हुकांनी (गाडीच्या सीटमधल्या कड्यांत अडकणाऱ्या) बसवलीत तर मूल आणि सीट यांचं एकत्र वजन ६५ पौंडांच्या आत हवं. सीट २२ पौंडांची असली तर तुमची मुलगी धरून आजच ६५ भरले. त्यामुळे पहिल्या दिवसापासून गाडीच्या पट्ट्यानेच बसवा. वरचा टेदर पट्टा (सीटच्या माथ्यापासून गाडीत मागे अडकवायचा) दोन्ही प्रकारांत लावायचाच. तो नसेल तर धडकेत डोकं काही इंच जास्त पुढे जातं आणि समोरच्या सीटवर आपटू शकतं.

सॅन होजेहून, मंगळवार दुपारी

एवढं कशाला? कॅलिफोर्नियाचा कायदा म्हणतो आठ वर्षांपर्यंत मागच्या सीटवर, कार सीट किंवा बूस्टरमध्ये. कुठला बूस्टर ते कायदा सांगत नाही. पाठ नसलेला पंचवीस-तीस डॉलरात येतो. आमच्या गराजमध्ये एक पडूनही आहे, हवा असेल तर शनिवारी बालशाळेला घेऊन येतो.

सनीव्हेलहून, मंगळवार रात्री

दादा, कायद्याचं बरोबर सांगितलंत. पण तो दंडापुरता, पट्टा नीट बसेल याची हमी तो देत नाही.

नुसती बैठक वाईट नसते, पण तिला डोक्यामागे आधार लागतो. मूल बैठकीवर बसल्यावर कानाचं वरचं टोक गाडीच्या सीटच्या किंवा हेडरेस्टच्या वर जाता कामा नये. उंच मुलाचं इथेच अडतं. मधल्या जागेला किंवा तिसऱ्या रांगेत हेडरेस्ट नसेल तर डोकं सरळ वर निघतं. शिवाय पाठीच्या बूस्टरला खांद्याजवळ पट्ट्याची वाट असते आणि झोपेत मान टेकायला दोन्ही बाजूंना कान असतात. लहान वयाला पाठीचाच घ्यावा. घेताना पाठ किती वर जाते ते बघा. बरेच बूस्टर ५७ इंचांवर थांबतात, काही ६३ पर्यंत जातात. लांब धडाच्या मुलाला ५७चा बूस्टर ५७ इंच व्हायच्या आधीच आखूड पडतो, कारण हेडरेस्ट पूर्ण वर नेऊनही पट्ट्याची वाट खांद्याच्या खाली राहते.

गराजमधल्या बूस्टरबद्दल: उलटा करा, तळाला तारीख कोरलेली असते. उत्पादनाची असेल तर मुदत पुस्तिकेत बघा, सहसा सहा ते दहा वर्षं. लेबल फाटलेलं असेल तर मॉडेल नंबर कळत नाही आणि परत मागवलेल्यांच्या यादीत शोधता येत नाही, तेव्हा तो नकोच. अपघात झालेल्या गाडीत होता का हेही सांगा. गाडी चालवत नेता आली, सीटजवळचं दार शाबूत होतं, कुणाला इजा नाही, एअरबॅग फुटली नाही आणि सीटला दिसणारी खोट नाही, हे पाचही जुळले तरच तो किरकोळ अपघात धरतात. तेव्हाही कंपनीची पुस्तिका काय म्हणते ते बघायचं, काही कंपन्या कुठल्याही अपघातानंतर सीट टाकायला सांगतात. ओळखीतून आलेल्या कपड्यांना, सायकलला एवढी चौकशी लागत नाही, याला लागते.

डब्लिनहून, बुधवार सकाळी (आयर्लंडचं नव्हे, आपल्या इथलं)

बूस्टरपर्यंत याल तेव्हासाठी लिहून ठेवते.

मांडीचा पट्टा मांडीच्या मुळाशी, सपाट आणि खाली हवा. मुलांच्या कमरेच्या हाडाची वरची कड मोठ्यांसारखी भरलेली नसते, त्यामुळे पट्टा तिथे अडकत नाही, घसरून पोटावर चढतो. आतडी आणि कण्याचा खालचा भाग दुखावतो तो यामुळे. बूस्टरशिवाय बसलेलं मूल हे आपणहून घडवून आणतं: गाडीची बैठक त्याच्या मांडीपेक्षा लांब असते, गुडघे कडेला वाकत नाहीत, मग ते कंबर पुढे सरकवून पोक काढून बसतं आणि पट्टा वर येतो. खांद्याचा पट्टा गळपट्टीच्या हाडाच्या मधोमध. मानेला घासत असेल तर मूल तो काखेत घेणारच.

नेहमीची चूक हाताच्या दांडीची. मांडीचा पट्टा दोन्ही दांड्यांच्या खालून न्यायचा, आणि बकलच्या बाजूला बहुतेक बूस्टरमध्ये खांद्याचा पट्टाही दांडीखालूनच. वरून नेला की तो पोटाच्या उंचीवर तरंगतो. दुसरं, मुलाला पुढे वाकायला सांगा आणि परत टेकू द्या. पट्टा आपोआप मागे ओढला गेला पाहिजे. खांद्याच्या वाटेत अडकून सैल राहत असेल तर हेडरेस्ट एक खाच वरखाली करून बघा. तरी अडकत असेल तर त्या गाडीला तो बूस्टर जमत नाही, परत करा. पोराने पट्टा पूर्ण बाहेर ओढला तर तो कटकट आवाज करत फक्त आत जातो आणि घट्ट होत राहतो. बकल काढून पट्टा पूर्ण आत जाऊ द्यायचा, मग परत लावायचा.

बूस्टरची पाठ गाडीच्या सीटला टेकली पाहिजे. गाडीचं हेडरेस्ट तिला पुढे ढकलत असेल तर पुस्तिकेत परवानगी असल्यास ते काढून ठेवा. मागे तिघं बसत असतील तर रुंदी मोजून घ्या. रुंद बूस्टर बकलवरच बसतो, लहान बोटांना ते सापडत नाही आणि रोज शाळेच्या रांगेत मागून हॉर्न. रिकामा बूस्टरही पट्ट्याने किंवा लॅचने अडकवा, नाहीतर जोरात ब्रेक लागला की उडतो.

पुण्याचं: विमानात बूस्टर वापरता येत नाही, तिथे नुसता कमरेचा पट्टा असतो आणि बूस्टरला खांद्याचा पट्टा लागतोच. हार्नेसच्या सीटवर लाल अक्षरांत विमानासाठी मान्यता छापलेली असेल तर ती आसनावर बांधता येते. तिकडे टॅक्सीत दोन अडचणी येतात. मधल्या जागेला बऱ्याच जुन्या गाड्यांत कमरेचाच पट्टा असतो, तिथे बूस्टर नकोच. आणि मागची बकलं सीट कव्हरखाली गाडलेली असतात. गाडी ठरवताना फोनवरच सांगा, "मागची बकलं वर काढून ठेवा." भारतात १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट हवी, नाहीतर १,००० रुपये दंड, हे २०१९च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे. ड्रायव्हरने कुरकुर केली तर तेवढं सांगायला उपयोगी.

फ्रीमाँटहून, गुरुवार रात्री

मोजलं. १६। (सव्वासोळा) इंच. सध्याच्या सीटची वरची खाच १५॥ वर निघाली, म्हणजे पाऊण इंच आधीच वर गेलो होतो. कॉम्बिनेशन सीटच घेते, दुकानात टेप घेऊन जाईन. दादा, बूस्टरबद्दल आभार, पण तळाची तारीख बघाच, मलाही कळवा. एक शंका: गणपतीला परकर-पोलकं घालून न्यायचीय. मधला पट्टा कसा घ्यायचा? आणि बूस्टर कायमचा सुटतो कधी?

सनीव्हेलहून, शुक्रवार सकाळी

परकर मागून आणि पुढून मांडीपर्यंत वर घ्या, मधला पट्टा पायांमधून अंगालगत काढा, बकल लावून पट्टे ओढा, मग घोळ वरून पसरा. आत कॅनकॅन असेल तर तो हॉलवर पोचल्यावर घाला. जाड जाकिटाचं तेच: धडकेत दबतं आणि पट्टा तेवढा सैल पडतो. ताहोला बर्फात जाल तेव्हा पट्टे आधी, जाकीट वरून उलटं पांघरायला. घट्टपणा बघायला खांद्याजवळचा पट्टा चिमटीत उभा धरायचा. चिमूट आली तर अजून ओढायला हवा.

बूस्टर सुटायला अजून बरीच वर्षं आहेत. साधारण ५७ इंच, म्हणजे ४ फूट ९. बहुतेक मुलं तिथे आठ ते बाराच्या दरम्यान पोचतात. पण आकड्यापेक्षा मुलाला गाडीत बसवून बघा: पाठ पूर्ण टेकलेली, गुडघे बैठकीच्या कडेला वाकलेले, खांद्याचा पट्टा मान आणि दंड यांच्या मध्ये, मांडीचा पट्टा मांडीला लागून, आणि असं उतरेपर्यंत बसता येतं. यातलं एक जरी चुकलं तर बूस्टर राहू द्या. एका गाडीत जमलं म्हणून आजोबांच्या गाडीत जमेलच असं नाही, बैठकीची खोली वेगळी असते.

सीट आली की बसवून एकदा तपासून घ्या. कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलच्या कचेऱ्यांत प्रशिक्षित माणसं फुकट बघून देतात, आधी वेळ घ्यावी लागते. मुलगी, गाडीची पुस्तिका आणि सीटची पुस्तिका, तिन्ही बरोबर न्या.